गुरुवारची दुपार: नागपूरच्या एका व्यवसायोपचार विभागात नेतृत्व आणि संशोधन

हे प्रकरण नागपुरातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाच्या व्यवसायोपचार विभागातलं आहे. व्यवसायोपचार म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी: आजार, अपघात किंवा अपंगत्वामुळे अडलेली जेवणासारखी रोजची कामं माणसाला स्वतः करता यावीत म्हणून दिला जाणारा उपचार. विभागातल्या सर्वांत अनुभवी थेरपिस्टसमोर एकाच महिन्यात दोन गोष्टी आल्या: विभागाचं प्रमुखपद आणि पीएचडीची संधी. पुढच्या साधारण दोन वर्षांत काय घडलं, कुठे निर्णय घ्यावे लागले आणि त्यातले कोणते टिकले, ते इथे मांडलं आहे. संबंधितांच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, काही वगळले आहेत. मी त्या विभागातली नाही, पण याच क्षेत्रात शिकवते. संशोधनाच्या विषयाबद्दल बोलायला त्या थेरपिस्ट माझ्याकडे आल्या आणि तेव्हापासून हे सगळं जवळून पाहिलं. विभागात सगळे त्यांना ‘मॅडम’ म्हणतात, इथेही तेच म्हणते.

पार्श्वभूमी

व्यवसायोपचार नागपूरला नवा नाही. कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली शाळा सुरू केली, आणि देशातल्या अगदी सुरुवातीच्या शाळांपैकी एक नागपूरच्या ‘मेडिकल’मध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आली. १९५२ साली या क्षेत्राची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा तिच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. इतकं जुनं मूळ असूनही माझ्या पाहण्यातल्या बहुतेक रुग्णालयांत थेरपिस्टच्या दिवसाचा हिशेब एकाच आकड्यावर संपतो: आज किती रुग्ण झाले. प्रश्न विचारणं, नोंदी ठेवणं, लिहिणं ही कामं त्या आकड्यात बसत नाहीत, म्हणून ती घरी, रात्री, पोरंबाळं झोपल्यावर करायची असतात असं गृहीत धरलं जातं.

या विभागात प्रमुख धरून सहा थेरपिस्ट होते आणि सोबत इंटर्न. सकाळी ओपीडी, दुपारी वॉर्ड. रुग्ण शहरापेक्षा बाहेरचे जास्त. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, शिवाय सीमेपलीकडचे बालाघाट-छिंदवाड्याचे. पक्षाघाताचे रुग्ण सर्वांत जास्त. त्याखेरीज महामार्गावरच्या अपघातात डोक्याला मार लागलेले, मळणीयंत्रात बोटं गेलेले, सेरेब्रल पाल्सीची मुलं, आणि विदर्भात काम करताना पदोपदी भेटणारा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार: खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेले तरुण, शाळेच्या वयातच पक्षाघात झालेली मुलं.

मॅडम चाळिशीतल्या, पदव्युत्तर शिक्षण झालेल्या, विभागात दहा वर्षांहून जास्त काढलेल्या. हाताच्या पुनर्वसनात त्यांचा हातखंडा. लिहिण्याची सवय मात्र एमओटीएचच्या (पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधानंतर सुटली होती.

प्रश्न कुठून आला

भंडारा जिल्ह्यातले साठीचे एक शेतकरी उजव्या अंगावरून वारं गेल्यावर भरती झाले होते. विभागात त्यांना डाव्या हाताने चमच्याने जेवायला शिकवलं गेलं: चमच्याची मूठ जाड केली, ताट सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं, ताटाच्या कडेला अटकाव. सुट्टीच्या वेळी बार्थेल निर्देशांकात ‘जेवण’ या बाबीसमोर दहापैकी दहा लिहिले गेले. हा निर्देशांक १९६५ पासून वापरात आहे. दैनंदिन कामांच्या दहा बाबी, एकूण शंभर गुण. जेवणासाठी शून्य, पाच किंवा दहा. दहा म्हणजे स्वावलंबी.

दोन महिन्यांनी ते फेरतपासणीला आले तेव्हा वजन उतरलेलं होतं. बायको घास भरवते, आणि ती बांधीवरून (धानाच्या शेतावरून) परत येईपर्यंत ते उपाशी राहतात, असं बोलता बोलता कळलं. चमचा कुठे आहे? घरी, डब्यात. मॅडमनी विचारलं, “काका, इथे तर तुम्ही छान जेवत होते ना?” ते म्हणाले, “इथं कोण पाहते? घरी ज्या हातानं धुतो, त्याच हातानं जेवू काय जी?”

उजवा हात निकामी झाला की शौचानंतर धुणं आणि जेवणं, दोन्ही डाव्याकडेच येतं. आपल्याकडे हा केवळ सवयीचा प्रश्न नाही. चार लोकांत पंगतीला डावा हात ताटात घालणं कित्येकांना मरणप्राय वाटतं, आणि मग ते लग्नाला जाणंच सोडतात. पाश्चात्त्य पुस्तकांत काट्या-चमच्याचं प्रशिक्षण येतं, त्यात ही बाब येत नाही. वॉर्डात लिहिलेले दहा गुण खोटे नव्हते. तिथे ते खरोखर स्वतः जेवत होते. बार्थेलमध्ये माणूस काय करू शकतो ते नाही, प्रत्यक्ष काय करतो ते नोंदवायचं असतं. पण ‘प्रत्यक्ष’ कुठे? वॉर्डातल्या खाटेवर की घरच्या पाटावर?

मला हा प्रश्न ऐकताच आवडला, आणि अजूनही वाटतं की आपल्या क्षेत्रातलं चांगलं संशोधन असंच उपचाराच्या खोलीतून उठतं. अमेरिकी थेरपिस्ट ए. जीन आयर्स यांचं संवेदी एकात्मतेवरचं, म्हणजे मेंदू स्पर्श, तोल, हालचाल अशा संवेदनांचा मेळ कसा घालतो यावरचं, सगळं काम मुलांवर उपचार करता करता पडलेल्या प्रश्नांतून उभं राहिलं. त्या आधी थेरपिस्ट होत्या, पीएचडी नंतरची, १९६१ ची.

अडचण

जुने प्रमुख निवृत्त झाले आणि मॅडमच्या हातात प्रभारी म्हणून पत्र पडलं. त्याच महिन्यात पीएचडी प्रवेशाची प्रक्रिया सुरू झाली होती आणि विषयाचा कच्चा आराखडा त्यांनी माझ्याकडे आणला होता.

प्रमुखपद म्हणजे काय ते त्यांनी जवळून पाहिलेलं होतं. ड्युटीचा तक्ता, रजांचे अर्ज, साहित्याची मागणीपत्रं, डेड स्टॉक रजिस्टर, मानांकनाच्या तपासणीची कागदपत्रं, दर आठवड्याची बैठक. जुन्या प्रमुखांनी नोकरीच्या शेवटच्या काळात रुग्णाला हात लावल्याचं कोणाला फारसं आठवत नव्हतं. दुसरीकडे, मॅडमनी नकार दिला तर विभागात पात्रतेचं दुसरं कोणी नव्हतं. अशा वेळी रुग्णालय काय करतं ते सर्वांना ठाऊक आहे. विभाग दुसऱ्या एखाद्या विभागाच्या प्रमुखाकडे जोडून देतात आणि तो परत सुटा होतच नाही.

घरी मुलगा दहावीला होता. हे कारण मॅडमनी कधीच पहिल्यांदा सांगितलं नाही, पण प्रत्येक बोलण्यात ते होतं.

समोरचे पर्याय

पहिला: पद नाकारून पूर्णवेळ पीएचडी. यात पगार जाणार होता, आणि विभाग दुसऱ्याच्या छत्राखाली जाण्याची भीती होती. मॅडमनी हा पर्याय लवकर बाजूला ठेवला.

दुसरा: पद घ्यायचं, संशोधन “दोन-तीन वर्षांनी, घडी बसली की”. घरच्यांचा, जुन्या प्रमुखांचा, जवळजवळ सगळ्यांचा सल्ला हाच. त्यात प्रेम होतं, हे मी नाकारत नाही. पण असं पुढे ढकललेलं संशोधन परत हातात घेतलेलं मी आजवर फार क्वचित पाहिलं आहे. खुर्ची रिकामा वेळ सोडत नाही.

तिसरा: विषय एखाद्या कनिष्ठ थेरपिस्टला द्यायचा आणि स्वतः फक्त मार्गदर्शन करायचं. कागदावर हा शहाणपणाचा वाटतो. पण ज्या विभागात आधी कोणीच संशोधन केलेलं नाही, तिथे दोन वर्षांचा अनुभव असलेल्या मुलीने एकटीने संशोधनाला मंजुरी देणारी नैतिक समिती, संख्याशास्त्र, नाराज डॉक्टर हे सगळं अंगावर घ्यायचं, हे मला तिच्यावर अन्याय करणारं वाटलं आणि मी तसं स्पष्ट सांगितलं.

चौथा: पद घ्यायचं, पण अटी लिहून घेऊन. आठवड्यातली एक दुपार विभागाच्या अभ्यासासाठी राखीव, आणि ती वैयक्तिक सवलत म्हणून नव्हे, विभागाच्या कामाचा भाग म्हणून.

मॅडमनी चौथा घेतला आणि त्यात तिसऱ्याचा थोडा भाग मिसळला: माहिती गोळा करण्याचं काम सुरुवातीपासून एका कनिष्ठ थेरपिस्टबरोबर वाटून.

अटींची वाटाघाट

वैद्यकीय अधीक्षकांकडे जायच्या आधी आम्ही अर्जाचे दोन मसुदे केले. पहिल्या मसुद्यात ‘संशोधनासाठी वेळ मिळावा’ असं होतं. तो वाचून माझ्याच मनात आलं, कोणताही अधीक्षक म्हणेल, “मॅडम, रुग्ण कोण पाहणार?” दुसऱ्या मसुद्यात सुरुवात रुग्णापासून केली: सुट्टीच्या कागदावर स्वावलंबी लिहिलेला माणूस घरी परावलंबी निघतो; मग तो पुन्हा भरती होतो किंवा कायमचा हरवतो; हे का होतं ते शोधणं विभागाचं काम आहे.

शिवाय २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याचा आधार घेतला. त्या कायद्यात आरोग्यसेवा व्यावसायिकाची जी व्याख्या आहे, तिच्यात सेवा देण्यासोबतच अभ्यास, सल्ला, संशोधन आणि देखरेख करणारेही येतात, आणि व्यवसायोपचार हा कायद्याने मान्य केलेला स्वतंत्र वर्ग आहे. म्हणजे आम्ही मागत होतो ती मेहेरबानी नव्हती.

अधीक्षक भले गृहस्थ. त्यांनी तोंडी लगेच हो म्हटलं: “करा ना मॅडम, गुरुवारी दुपारी करा, कोण नाही म्हणतो?” इथे मॅडमनी जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं पाऊल वाटतं. त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत. म्हणाल्या, “सर, पत्रावर लिहून द्याल तर तक्त्यात टाकता येईल.” पत्र मिळायला वेळ लागला, दोनदा आठवण करावी लागली, पण मिळालं. त्यात गुरुवारी दुपारी दोन ते पाच, दोन थेरपिस्ट, असं स्पष्ट होतं. मनुष्यबळ कमी पडल्यास काय करायचं ते अधीक्षकांशी चर्चा करून ठरेल, असंही एक वाक्य होतं. हे वाक्य पुढे फार महत्त्वाचं ठरलं, कारण ते वेळेवर वापरलं गेलं नाही.

गुरुवारची पंगत

राखीव दुपारीही रुग्ण कमी होऊ नयेत म्हणून मॅडमनी गुरुवारी दुपारचं जेवण विभागातच सुरू केलं. पक्षाघाताचे चार-पाच रुग्ण आणि प्रत्येकाबरोबर घरचं एक माणूस, सतरंजीवर किंवा खुर्चीवर, समोरासमोर. वरणभात, पोळी, भाजी. डाव्या हाताने जेवणारा एकटा नसतो, शेजारीही तसाच असतो, आणि सून किंवा मुलगा हे पाहत असतो. ज्यांच्या उजव्या हातात थोडी हालचाल होती त्यांच्या तळव्याला पट्टा बांधून त्यात चमचा अडकवायचा. घास निम्मा सांडला तरी चालेल, हात उजवा. आणि स्वच्छतेचा प्रश्न थेट बोलायचा: संडासात पाण्याचा फवारा बसवला तर धुताना हात लावावा लागत नाही. हे तीन-चारशे रुपयांचं काम एकाही घराला कोणीच सुचवलेलं नव्हतं, डाव्या हाताचे व्यायाम मात्र पानभर लिहून दिलेले होते.

या पंगतीमुळे गुरुवार प्रशासनाच्या लेखी ‘सामूहिक उपचार’ झाला आणि आकड्यातही बसला. थेरपिस्टना निरीक्षण करायला जागा मिळाली. जेवण आटोपल्यावर पाचपर्यंत लिहिणं, वाचणं, फोन. दर पंधरवड्याला एक शोधनिबंध एकत्र वाचायचा. सुरुवातीला तो दर वेळी मॅडमच समजावून सांगायच्या आणि बाकीचे माना डोलवायचे. इंटर्नवर निबंध मांडायची जबाबदारी टाकली तेव्हा कुठे खोलीत वाद व्हायला लागले.

नैतिक समिती

मॅडमनी उत्साहाच्या भरात, अर्ज करण्याआधीच, जुन्या रजिस्टरमधून सुट्टी झालेल्या रुग्णांना फोन लावले होते. बऱ्याच घरांतून तेच उत्तर आलं होतं, घरचेच भरवतात. ही माहिती अर्जात ‘प्राथमिक निष्कर्ष’ म्हणून जोडली होती.

समितीने बोट नेमकं तिथेच ठेवलं. उपचाराचा भाग म्हणून रुग्णाची विचारपूस करणं वेगळं आणि संशोधनाची माहिती म्हणून ती छापणं वेगळं. दुसऱ्यासाठी आधी मंजुरी आणि रुग्णाची माहितीपूर्ण संमती हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं या बाबतीत स्पष्ट आहेत. विचारपूस केल्याबद्दल समितीने हरकत घेतली नाही, पण तो मजकूर अर्जातून काढायला आणि सगळं नव्याने, संमतीपत्रासह सुरू करायला सांगितलं. समितीतल्या सामान्य नागरिक सदस्य बाईंनी आणखी एक सूचना केली आणि ती मला फार मोलाची वाटली: संमतीपत्रक रुग्णाला वाचून दाखवा, आणि त्याने त्याच्या शब्दांत परत सांगितल्यावरच सही किंवा अंगठा घ्या.

मॅडम त्या दिवशी खचल्या होत्या. मला उलट बरं वाटलं. ज्या समितीने वाचून प्रश्न विचारले, तिने थेरपिस्टचं संशोधन गंभीरपणे घेतलं होतं.

मंजुरीनंतर, पहिला रुग्ण घेण्याआधी, अभ्यासाची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया या वैद्यकीय अभ्यासांच्या राष्ट्रीय नोंदवहीत केली. नोंदणी मोफत आहे, आणि एप्रिल २०१८ पासून अभ्यास सुरू झाल्यानंतरची नोंद तिथे स्वीकारत नाहीत. त्यामुळे हा क्रम चुकला असता तर दुरुस्त करता आला नसता.

मुख्य संशोधक कोण

रुग्ण पाठवणारे मेंदूविकारतज्ज्ञ अभ्यासाला अनुकूल होते, पण त्यांची एक अपेक्षा होती: मुख्य संशोधक म्हणून त्यांचं नाव. “मॅडम, समितीपुढे, जर्नलपुढे डॉक्टरचं नाव असलं की वजन पडते. तुमचं काम तुम्हीच करा.” हे त्यांनी वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. कित्येक वर्षं हीच रीत होती आणि कित्येक थेरपिस्टनी ती मुकाट्याने पाळली. माझ्या ओळखीत अशा बायका आहेत ज्यांच्या कामावर दुसऱ्याचं नाव पहिलं आहे आणि आज बढतीच्या मुलाखतीत त्यांना विचारतात, तुमचं प्रकाशित काम कुठे आहे?

मॅडमनी भांडण केलं नाही आणि मानही तुकवली नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकत्वाचे चार निकष एका पानावर मराठीत लिहून त्यांच्यासमोर ठेवले: कल्पना, आराखडा, माहिती किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात महत्त्वाची दुरुस्ती करणं, अंतिम रूपाला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी घेणं. चारही हवेत. मग विचारलं, “सर, कोणते रुग्ण घ्यायचे, कोणते वगळायचे हे तुम्ही ठरवून द्याल? वाचाघात असलेल्यांचं काय करायचं ते मला खरंच समजत नाहीये.” डॉक्टरांनी ते काम मनापासून केलं आणि सहसंशोधक म्हणून त्यांचं नाव हक्काने आलं. मुख्य संशोधक मॅडम, दुसरं नाव माहिती गोळा करणाऱ्या कनिष्ठ थेरपिस्टचं. हे सगळं पहिला रुग्ण घेण्याआधी कागदावर आलं आणि तिघांनी सह्या केल्या. हाच कागद एखाद्या वर्षानंतर, निष्कर्ष हातात आल्यावर केला असता, तर इतक्या शांतपणे झाला नसता.

मे आणि जुलै

नागपूरचा मे महिना. पारा पंचेचाळीसच्या वर. एक थेरपिस्ट बाळंतपणाच्या रजेवर, दुसऱ्याला परदेशात नोकरी लागली आणि तो गेला. सहाजणांच्या विभागात चारजण उरले. गुरुवार टिकवायचा की ओपीडी?

मॅडमनी स्वतःचा गुरुवार सोडला आणि कनिष्ठ थेरपिस्टचा राखला. तिची माहिती गोळा करण्याची साखळी तुटू नये म्हणून त्या स्वतः ओपीडीत बसल्या. याचं मोल त्यांनी मोजलं: पीएचडीचा प्रस्ताव सादर करायची मुदत गेली आणि नोंदणी पुढच्या फेरीवर ढकलली गेली.

यावर आमच्यात मतभेद झाला आणि तो आजही मिटलेला नाही. मॅडम म्हणतात, प्रमुखाने आधी स्वतःचं सोडायचं असतं. त्यामुळेच बाकीचे त्यांच्या शब्दावर चालतात, हे मी पाहिलं आहे. पण मला वाटतं, पत्रातलं ते वाक्य नेमकं अशाच प्रसंगासाठी होतं. अधीक्षकांकडे जाऊन तीन महिन्यांसाठी कंत्राटी थेरपिस्ट मागता आला असता. निदान विचारता आलं असतं. तुटवड्याची झळ प्रमुखाने एकटीने सोसली की ती वर कोणाला दिसतच नाही, आणि मग रिकामी जागा भरायची घाईही कोणाला नसते. इथे ती जागा भरायला दिवाळी उजाडली.

जुलैत वेगळीच अडचण. सुट्टी झालेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची पाहणी नेमकी रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत आली. भंडारा-गोंदियाकडे घरातलं प्रत्येक धडधाकट माणूस बांधीत, रुग्णाला नागपूरला आणणार कोण? दिवसा फोन लागेनात. कनिष्ठ थेरपिस्टने वेळ बदलून रात्री आठनंतर फोन सुरू केले आणि काही गावांना एसटीने स्वतः गेली. तिथे तिच्या लक्षात आलं की फोनवर “हो मॅडम, स्वतःच जेवतो” म्हणणारा माणूस प्रत्यक्षात ओसरीवर बसून बायकोची वाट पाहतो आहे. थेरपिस्टला वाईट वाटू नये म्हणून लोक बरं तेच सांगतात. या निरीक्षणामुळे अभ्यासाची पद्धतच बदलावी लागली. फोनची आणि घरभेटीची माहिती वेगळी मांडली, आणि हा बदल रीतसर समितीकडून मंजूर करून घेतला. नियोजन हिवाळ्यात बसून केलं होतं आणि पेरणी-रोवणी-कापणीचं वेळापत्रक कोणीच समोर ठेवलं नव्हतं. विदर्भात दीर्घ पाठपुराव्याचं काम करणाऱ्या कोणालाही मी हे पहिल्यांदा सांगेन.

निष्पत्ती

अभ्यास पूर्ण झाला, ठरवल्यापेक्षा कमी रुग्णांवर. कनिष्ठ थेरपिस्टने तो राष्ट्रीय संघटनेच्या वार्षिक परिषदेत मांडला. बोलायला मॅडमच उभ्या राहतील असं सर्वांनी धरलं होतं. त्या दुसऱ्या रांगेत बसल्या. नियतकालिकाकडे पाठवलेला लेख मोठ्या दुरुस्त्यांसह परत आला. परीक्षकाचा मुख्य आक्षेप, तुलनेसाठी दुसरा गट नाही, हा रास्त आहे. दुरुस्तीचं काम चालू आहे.

सुट्टीच्या कागदात बदल मात्र झाला. बार्थेलच्या गुणांखाली आता तीन ओळी हाताने भरतात: घरी कोणत्या हाताने जेवणार, कोणासमोर जेवायला तयार आहे, संडासात पाण्याची सोय काय. निर्देशांकाला हात लावलेला नाही, त्याच्या शेजारी जागा केली आहे. भंडाऱ्याच्या त्या काकांच्या घरी फवारा बसला. ते घरी चमच्याने जेवतात, मात्र पंगतीला अजून जात नाहीत.

मॅडमची पीएचडीची नोंदणी वर्षभर उशिरा झाली. मुलगा दहावी होऊन अकरावीत गेला. कनिष्ठ थेरपिस्टला पदव्युत्तर प्रवेश मिळाला, म्हणजे विभागातून आणखी एक अनुभवी हात गेला. हे नुकसान मानायचं की यश, यावर विभागात चर्चा झाली. मी ते यशच मानते, पण तिच्या जागी आलेल्या मुलाला सगळं नव्याने शिकवावं लागलं, हेही खरं.

मध्येच अधीक्षक बदलले. नव्या अधीक्षकांनी पहिल्याच आढाव्यात विचारलं, गुरुवारी दुपारची ओपीडी कमी का? मॅडमनी पत्र पुढे ठेवलं, सोबत पंगतीच्या नोंदी. दुपार टिकली.

वेगळं काय करता आलं असतं

मनुष्यबळाचं वाक्य वापरायला हवं होतं, ते वर आलंच आहे.

संख्याशास्त्राचा सल्ला उशिरा घेतला. दुसऱ्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या संख्याशास्त्रज्ञांनी मोकळेपणाने मदत केली, पण तोवर अर्ध्याहून जास्त रुग्ण घेऊन झाले होते. तुलनेच्या गटाचा विचार तेव्हा करता येणं शक्य नव्हतं. पंगत सुरू होण्याआधीचे काही महिने नुसती नोंद ठेवली असती, तरी तुलनेसाठी काहीतरी हाताशी आलं असतं. परीक्षकाचा आक्षेप तिथेच अडवता आला असता.

पैशाचा अर्जही केला नाही. फवारे, पट्टे, एसटीची भाडी हे सगळं मॅडमच्या आणि कनिष्ठ थेरपिस्टच्या खिशातून गेलं. रक्कम मोठी नव्हती म्हणून कोणी बोललं नाही. पण खिशातून केलेल्या संशोधनाची कुठेच नोंद राहत नाही, आणि पुढचा अनुदानाचा अर्ज भरताना ‘यापूर्वी मिळालेलं अनुदान’ हा रकाना रिकामा राहतो. लहान का होईना, संस्थेच्या निधीतून पहिलं अनुदान घेणं करिअरच्या दृष्टीने आवश्यक होतं.

आणि पत्र. ते मॅडमच्या नावाने होतं. नव्या अधीक्षकांनी दुपार राखली ती मॅडम समोर बसल्या होत्या म्हणून. यंदा पत्राचं नूतनीकरण करताना मॅडमनी स्वतःचं नाव काढून तिथे ‘विभागप्रमुख, व्यवसायोपचार’ असं पद लिहून घेतलं. पीएचडीसाठी त्यांना पुढच्या वर्षी काही महिने रजा लागेल. त्या काळात प्रभार कोणाकडे जायचा हे अजून लेखी ठरलेलं नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या थेरपिस्टला त्या आतापासूनच अधीक्षकांच्या साप्ताहिक बैठकीला सोबत नेतात, आणि गेल्या दोन बैठकांत मागणीपत्रावर तीच बोलली.